बाटला नवा, पाणी गार

मुंबईची थंडी ती काय, असें पुण्यानाशिकचे लोक म्हणतात, आणि तें अगदींच खोटें नाहीं. तथापि पौषांतल्या एखाद्या पहांटे सांताक्रूझच्या वेधशाळेंतला पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरला, कीं तिच्या शेजारच्या मरोळांतही गच्चीवरच्या टाकींतलें पाणी अंगावर घेण्याची छाती फार थोड्यांना होते. नेमका अशाच दिवसांत गॅस संपतो. नवा बाटला येतो, जोडला जातो, न्हाणीघरांतली गरम पाण्याची तोटी सोडली जाते, आणि गीझर कांहीं केल्या पेटत नाहीं. किंवा पेटतो आणि दहा अंक मोजण्याच्या आंत विझतो. शाळेची गाडी, कचेरीची वेळ, मेट्रोची गर्दी, सारेंच डोक्यावर येऊन बसतें, आणि घरांत एकमतानें निकाल लागतो कीं, "या खेपेचा गॅसच वाईट आला!"

श्रोतेहो, या निकालाविषयींच आज आपणांशीं बोलावयाचें आहे. कारण तो बहुधा चुकीचा असतो. बाटल्यांतील गॅस अखेरीस अखेरीस वाईट जळतो हें खरें. तळाशीं जड अंश उरतात, ज्योत तांबूस होते, भांडीं काळवंडतात. परंतु नव्या बाटल्याचा गॅस त्या मानानें चांगलाच असावयाचा. बिघाड असतो तो बाटला बदलतांना जें हाताळलें गेलें त्यांत, किंवा बाटल्याशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा ठिकाणीं. तो कोठें आहे हें हुडकण्याची एक साधी रीत आहे. आणि हुडकतांना काय करूं नये हें तिच्याहून अधिक महत्त्वाचें आहे.

मरोळ हें गांव एकाच वेळीं दोन काळांत राहतें. एकीकडे उंच इमारती, दोन-दोन मेट्रो मार्गांचें स्थानक आणि नळानें येणारा गॅस. दुसरीकडे जुनें गांवठाण, त्यांतली बैठी घरें, चाळी, आणि अरुंद गल्लींतून खांद्यावर बाटला घेऊन येणारा गॅसवाला. मुंबईला गॅस नवा नाहीं. १८६५ सालीं शहराचे रस्ते गॅसच्या दिव्यांनीं उजळले. तो गॅस दगडी कोळशापासून काढीत असत. बाटल्यांतला गॅस मुंबईंत आला तो १९५५ च्या सुमारास, बर्मा-शेल कंपनीच्या हातून. नळाचा नैसर्गिक वायु पुरविणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ सालची. या तीन वायूंतला एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. जुन्या कोळशाच्या गॅसमध्यें कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु मुळांतच असे. बाटल्याच्या किंवा नळाच्या गॅसमध्यें तो नसतो. मात्र हवा अपुरी पडली तर आपल्याच न्हाणीघरांत आपण तो तयार करतों. याकडे पुढें यावयाचेंच आहे.

प्रथम गीझर किती गॅस मागतो तें पाहूं. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गीझर घ्या. तेवढें पाणी २५ अंशांनीं तापवावयाचें तर सुमारें साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. थोडी वाया जाते ती निराळीच. शेगडीचा एक बर्नर दीड ते दोन किलोवॅट देतो. म्हणजे गीझर पेटला कीं पांच-सहा बर्नर एकदम पूर्ण मोठे केल्यासारखें होतें, आणि तासाला किलोभर गॅस या हिशेबानें तो बाटला ओढूं लागतो. "शेगडीवर चहा झाला, मग गीझरला काय धाड भरली?" या नित्याच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. चहापुरता गॅस चिमटलेल्या नळींतूनही येतो. गीझरला तेवढा पुरत नाहीं.

बाटल्याच्या आंत गॅस द्रवरूपानें असतो आणि त्याचा दाब थोडाथोडका नसतो. पाण्याच्या भाषेंत सांगावयाचें तर चाळीस-पन्नास मीटर उंच स्तंभाच्या बुडाशीं जेवढा, सामान्यतः तेवढा. रेग्युलेटर तो उतरवून जेमतेम तीस सेंटिमीटर पाण्याएवढा, म्हणजे फूटभर उंचीच्या स्तंभाएवढा करतो. बाटला भरलेला असो कीं अर्धा, बाहेर येणारा दाब जवळजवळ तोच राहावा हेंच त्याचें काम. म्हणून "बाटला नवा, दाब जास्त, त्यामुळें गीझर घाबरला" ही उपपत्ति कितीही गोड वाटली तरी टिकत नाहीं.

आतां रीत. समजा, मरोळ-मरोशी रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या इमारतींतलें बिऱ्हाड आहे, गीझरला स्वतंत्र बाटला आहे, आणि तो आज सकाळींच बदललेला आहे. गरम पाण्याची तोटी पूर्ण सोडावी आणि कान द्यावा. डोळ्यांपेक्षां येथें कान अधिक उपयोगी पडतो. पाणी वाहूं लागतांच गीझरच्या पोटांतून टिक-टिक-टिक असा ठिणगीचा आवाज यावयास हवा. तो येतो कीं नाहीं, यावर पुढचें सर्व अवलंबून आहे.

आवाज मुळींच येत नसेल तर बाटल्याला हात लावूं नये. त्या बिचाऱ्याचा दोष नाहीं. बहुतेक गीझरांत ठिणगी देणारे दोन मोठे सेल असतात. खालच्या डबींत ते बसविलेले असतात आणि ते आहेत याची आठवण वर्षभर कोणाला होत नाहीं. दमट हवेनें त्यांच्या टोकांना हिरवट-पांढरी बुरशी येते. ते काढून टोकें कोरड्या फडक्यानें पुसावीं आणि दोन्ही सेल एकदम नवे घालावे. एक जुना एक नवा अशी काटकसर करूं नये. सेल ठीक असूनही आवाज नसेल तर पाण्याकडे वळावें. गीझरच्या आंत एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या जोरानें तो फुगतो, दांडा ढकलतो, आणि मगच ठिणगी व गॅस या दोहोंना मोकळीक मिळते. टाकी अर्धी असली, वरच्या मजल्यावर धार बारीक असली, किंवा पाणी आंत शिरतें तेथल्या जाळींत गाळ सांचला, कीं पडदा हलत नाहीं आणि गीझर मुका राहतो. जाळी काढून धुतली म्हणजे पुष्कळदां काम भागतें. बाटला बदलण्याचा आणि हा बिघाड उघडकीस येण्याचा दिवस एकच ठरतो तो निव्वळ काकतालीय न्यायानें. पण फांदी मोडली ती कावळा बसल्यामुळेंच, हें घरच्यांना पटलेलें असतें!

आवाज येतो, परंतु ज्योत येत नाहीं, असें असेल तर मात्र गॅस पोंचत नाहीं हें उघड आहे. बाटला संपतांना नळी रिकामी झालेली असते, जोडतांना तींत हवा शिरते, आणि ती बाहेर पडेपर्यंत ठिणगी फुकट जाते. यावर उपाय धीराचा. खिडकी उघडावी, तोटी आठ-दहा सेकंद सोडावी, पेटलें नाहीं तर बंद करून दोन मिनिटें थांबावें, मग पुन्हां. तीन-चार खेपांत हवा निघून जाते. मधलीं दोन मिनिटें टाळूं नयेत. न जळलेला गॅस हवेपेक्षां दीड ते दोन पट जड असतो. तो वर उडून न जातां फरशीवर पसरतो आणि मोरीच्या कोपऱ्यांत पाण्यासारखा सांचतो. घाईनें पंधरा वेळां तोटी सोडून सोळाव्या खेपेस ठिणगी पडली तर काय होईल, हें सांगावयास नको. नळी सैल करून "हवा काढून देणारे" हुशार गृहस्थही असतात. त्यांना चहा द्यावा, पान्हा देऊं नये.

चार खेपांनंतरही ज्योत नाहीं, तर रेग्युलेटरकडे जावें. बाटल्याच्या तोंडाशीं एक खिळा स्प्रिंगवर उभा असतो. रेग्युलेटर नीट बसला तरच तो पुरता खालीं दाबला जातो. घाईनें बसविलेला रेग्युलेटर वरून बसल्यासारखा दिसतो, खिळा मात्र अर्धाच दबलेला असतो. मग शेगडी चालते, गीझर चालत नाहीं. कळ बंद करावी, काळें कडें उचलून रेग्युलेटर काढावा, बाटला उभा व सपाट आहे हें पाहावें, आणि कडें उचलून धरूनच रेग्युलेटर सरळ खालीं दाबून तें सोडावें. "टक्" असा आवाज आला आणि रेग्युलेटर हलविल्यानें हलला नाहीं म्हणजे बसला. हें करतांना बाटल्याच्या तोंडांत वांकून पाहावें: आंत रबराचें एक बारीक वायसर असतें. तें चिरलेलें, वांकलेलें किंवा नाहींसेंच झालेलें असेल तर तो बाटला वापरूं नये. टोपी घालून वितरकाला परत करावा. वस्तुतः हें सर्व बाटला दारांत आला तेव्हांच व्हावयास पाहिजे. वजन करवून घ्यावें. रिकाम्या बाटल्याचें वजन त्याच्यावरच लिहिलेलें असतें, त्यांत १४.२ किलो मिळवावे. त्याच्या कड्याच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी असें अक्षर आणि सालाचे दोन आंकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. त्या मुदतीच्या आंत त्या बाटल्याची पुढची परीक्षा व्हावयाची असते. मुदत टळलेला बाटला घेऊं नये. गॅसवाला कुरकुरेल, त्याला अजून तीन मजले चढावयाचे असतात हेंही खरें.

राहिली नळी. बाटला सरकवतांना ती भिंतीशीं दबते, मुरडते, क्वचित् बाटल्याच्या बुडाखालीं सांपडते. ती मोकळी करावी आणि तिच्यावर छापलेलें साल पाहावें. पांच वर्षें झालीं कीं ती बदलावी. कित्येक घरांतून एकाच बाटल्याच्या नळीला फांटा काढून शेगडी आणि गीझर दोन्ही चालवितात. ही पद्धत मला मुळींच पसंत नाहीं. सांधे वाढतात तितक्या गळतीच्या जागा वाढतात, आणि एकाच्या हिश्शाचा गॅस दुसरा ओढतो. जोडणी झाल्यावर सांध्यांना साबणाचा फेंस लावून पाहावें. बुडबुडा फुगला तर गळती आहे. काडी ओढून पाहणारे लोक अजूनही आहेत, म्हणून हेंही सांगून ठेवतों कीं काडी ओढूं नये. वास आला तर कळ बंद करून, रेग्युलेटर काढून, टोपी घालावी, दारेंखिडक्या उघडाव्या, विजेचें एकही बटण चालू वा बंद करूं नये, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

तिसरा प्रकार पेटून विझण्याचा. ज्योतीजवळ एक बारीक कांटा असतो. ज्योत आहे कीं नाहीं हें तो सांगतो, आणि "नाहीं" म्हणाला कीं गॅस बंद होतो. त्याच्यावर काजळी बसली तर जळत्या ज्योतीलाही तो नाहीं म्हणतो. सेल अशक्त असले तरी असेंच होतें, गॅस तोकडा असला तरी असेंच. हें काम कसबी कारागिराचें आहे. परंतु त्याच्यावर लक्ष ठेवावें. कारण कांहीं कारागीर तो कांटा किंवा दुसरें एखादें संरक्षक उपकरण वगळून तारा सरळ जोडून देतात आणि "आतां कधीं विझणार नाहीं" असें अभिमानानें सांगून जातात. विझावयास पाहिजे तेव्हां विझणें हें गीझरचें कामच आहे. पहिलें स्नान ठीक झालें, दुसऱ्याच्या मध्यावर गीझर विझला, असें घडत असेल तर बाटला, सेल, कांटा यांच्याआधीं खोलींतल्या हवेचा विचार करावा.

तो हिशेब असा. एक किलो गॅस पुरता जळावयाला सुमारें साडेपंधरा किलो हवा लागते. दहा मिनिटांच्या स्नानांत गीझर गॅसचा किलोचा सहावा भाग जाळतो. त्याला हवा लागते जवळजवळ ७५ घनफूट. आपल्या उपनगरांतलें न्हाणीघर चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच धरलें तर त्यांत हवा मावते १९२ घनफूट. खिडकी लावलेली, दाराच्या फटीला थंडी नको म्हणून पायपुसणें लोटलेलें. अडीच स्नानांत त्या खोलींतला सारा प्राणवायु संपावा! इतकी वेळ येत नाहीं, कारण त्याच्या पुष्कळ आधीं ज्योत बिघडते. तिची निळाई जाते, ती लांब, पिवळी, आळसावलेली होते, आणि कार्बन मोनॉक्साइड सोडूं लागते. गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती कळते. या वायूला वास नाहीं, रंग नाहीं, डोळ्यांना चुरचुर नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकें जड होतें, मळमळतें, पाय लटपटतात. माणसाला वाटतें, गरम पाण्यानें घेरी आली. तो दार उघडावयाला उठतो आणि उठवत नाहीं. २०२० च्या जानेवारींत बोरिवलीस एक पंधरा वर्षांची मुलगी अशीच न्हाणीघरांत बेशुद्ध पडली आणि कांहीं दिवसांनीं वारली. त्या घरांतही गॅसचा गीझर होता.

नव्या बाटल्याशीं याचा संबंध पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. संपत आलेल्या बाटल्यावर गीझर आठवडाभर मंद जळत असतो, आणि पाणी कोमट येतें म्हणून घरचे कुरकुरत असतात. नवा बाटला लागतांच तो पूर्ण शक्तीनें पेटतो. त्याच्या तांब्याच्या पात्यांत काजळी दाटलेली असेल, बर्नरच्या छिद्रांत धूळ आणि कोळ्याचें जाळें असेल, तर ही वाढलेली ज्योत हवेवांचून घुसमटते. म्हणजे "आज पाणी कसें छान कढत येतें आहे!" असें जेव्हां आपण म्हणतों, तोच दिवस अधिक धोक्याचा असूं शकतो. बाटला बदलल्यावर पहिल्या खेपेस स्वतः न्हाणीघराबाहेर उभें राहून, दार सताड उघडें ठेवून, गीझरच्या झरोक्यांतून ज्योतीचा रंग पाहावा. निळी असेल तर ठीक. पिवळी असेल, वर काजळी धरत असेल, किंवा पेटतांना "भप्प" असा आवाज होत असेल, तर त्या दिवशीं पाणी पातेल्यांत तापवावें आणि गीझर साफ करवून घ्यावा.

दुसऱ्या घरांतून आणलेल्या गीझरविषयीं एक वाक्य. नळाच्या गॅससाठीं बनविलेला गीझर बाटल्यावर लावूं नये. त्याच्या तोटीचें छिद्र मोठें असतें, बाटल्याचा गॅस घनफुटाला सुमारें अडीच पट उष्णता देतो, आणि ज्योत राक्षसासारखी उठते. बाटला आडवा करून शेवटचा गॅस काढणें, किंवा त्याला कढत पाण्याच्या परातींत बसविणें, हे उद्योगही सोडून द्यावे. आडव्या बाटल्यांतून द्रव थेट रेग्युलेटरांत उतरतो, तो पुढें जें करील त्याला आवर नाहीं.

गीझरची खरी जागा न्हाणीघराबाहेर, उघड्या सज्जांत किंवा मोकळ्या भिंतीवर; पाणी तेवढें नळानें आंत आणावें. जागेच्या अडचणीमुळें तें जमत नसेल तर न्हाणीघराला दोन झरोके हवेत, कायमचे उघडे, ज्यांना झांपच नाहीं असे. एक फरशीलगत, कारण गळलेला गॅस खालीं बसतो आणि ताजी हवाही तेथून आंत येते. दुसरा छताजवळ, कारण जळालेली तापलेली हवा वर जाते. झुरळें येतात म्हणून त्यांत कागदाचे बोळे कोंबूं नयेत, जाळी लावावी. बादली आधीं भरून घ्यावी, गीझर बंद करावा, आणि मग आंत जावें, ही सवय तर एका पैशाचा खर्च न करतां लागते. लहान मुलांना व वृद्धांना याच रीतीनें स्नान घालावें.

आंत गेलेलें माणूस बराच वेळ बाहेर आलें नाहीं, पाण्याचा आवाज चालू आहे आणि हांकेला उत्तर नाहीं, तर संकोच धरूं नये. दार फोडावें. आपण स्वतः आंत श्वास घेत उभे राहूं नये. त्याला ओढून मोकळ्या हवेंत आणावें, मग गॅस बंद करावा, आणि १०८ ला फोन लावावा. श्वास थांबला असेल तर ज्याला येत असेल त्यानें कृत्रिम श्वास द्यावा. शुद्धीवर आलें तरी रुग्णालयांत न्यावें, आणि तेथें पहिल्या वाक्यांत सांगावें कीं न्हाणीघरांत गॅसचा गीझर चालू होता. बोटाला लावावयाचें प्राणवायु मोजण्याचें यंत्र या विषबाधेंत फसतें. रक्तांत विषारी वायु भरलेला असतांही तें चांगला आंकडा दाखवितें. डॉक्टरांना गीझरचा पत्ता लागला नाहीं तर तो आंकडा पाहून ते माणसाला घरीं धाडतील. पत्ता लागला तर शुद्ध प्राणवायु लागलीच सुरू करतील.